दोन रेषा भेटतात तिथेच उत्तर: समीकरणांची जोडी आलेखावरून कशी सोडवायची

विदर्भात शाळा उघडतात जूनच्या अखेरीस, पण दहावीच्या शिकवण्या उन्हाळ्यातच सुरू झालेल्या असतात. बीजगणिताचा पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा, म्हणजे आलेखाचे कागद निघतात ते नागपूरच्या ऐन उन्हात. खोलीत कूलर धडधडत असतो. त्याची हवा दमट, तिनं कागद नरम पडतो, कोपरे फडफडतात, आणि पट्टीवरचा हात जरा सैल पडला की रेघ गेलीच. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी एका मुलीनं मला कागद आणून दाखवला. गणित होतं क्ष + य = ४ आणि २क्ष − य = १. तिचं उत्तर होतं (१.५, २.५).

"ताळा पाहिला का?" मी विचारलं.

"पाहिला न मॅडम. दीड आन् अडीच, चार. बसून रायलं न बरोबर!"

बसतच होतं, पण फक्त पहिल्या समीकरणात. दुसऱ्यात घातलं तर ३ − २.५ म्हणजे ०.५ येतं, हवं होतं १. गंमत म्हणजे तिच्या दोन्ही रेषा अगदी अचूक होत्या. चूक कुठे झाली ते पुढे सांगते. आधी मुळाशी जाऊ, कारण ही चूक हाताची नव्हती, समजुतीची होती.

(पाठ्यपुस्तकात चलांना इंग्रजी अक्षरं असतात. इथे मी जुन्या पुस्तकांसारखं क्ष आणि य लिहिते आहे. क्ष आडवा, य उभा. कंसातल्या जोडीत पहिला आकडा क्षचा, दुसरा यचा.)

रेषा म्हणजे काय, आणि छेदनबिंदू म्हणजे काय

क्ष + य = ४ या एकट्या समीकरणाला किती उत्तरं? मोजता न येण्याइतकी. (१, ३) चालतं, (२, २) चालतं, (−३, ७) चालतं, (१.५, २.५) सुद्धा चालतं. ही सगळी उत्तरं कागदावर मांडली की ती एका सरळ रेषेत बसतात. म्हणजे रेषा ही त्या समीकरणाच्या सगळ्या उत्तरांची यादीच आहे, फक्त आकड्यांऐवजी ठिपक्यांनी लिहिलेली. दुसऱ्या समीकरणाची यादी म्हणजे दुसरी रेषा. दोन्ही याद्यांत सापडणारं नाव आपल्याला हवंय, आणि ते दोन रेषा एकमेकींना छेदतात त्या बिंदूवर, म्हणजे छेदनबिंदूवर असतं.

मुलांना मी बर्डीचं, म्हणजे सीताबर्डीचं, उदाहरण देते. मेट्रोची ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौकाकडून खापरीकडे जाते, अ‍ॅक्वा लाइन प्रजापती नगराकडून लोकमान्य नगराकडे. कस्तुरचंद पार्क फक्त ऑरेंजवर, शंकर नगर चौक फक्त अ‍ॅक्वावर. दोन्ही लाइनींवर असलेलं स्टेशन एकच, सीताबर्डी. गाडी बदलायची तर तिथेच उतरावं लागतं. त्या मुलीचं (१.५, २.५) हे शंकर नगर चौकासारखं होतं. एका लाइनीवर शंभर टक्के खरं, दुसरीशी संबंध नाही.

कागद, पेन्सिल, पट्टी

नेहमीचा आलेख कागद घ्या, मोठा चौकोन एक सेंटिमीटरचा आणि त्यात दहा बारीक घरं. कागदाखाली जाड पुठ्ठा ठेवून वर क्लिपा लावा. कूलर चालू असेल तर त्याच्या थेट झोतात बसू नका, ओलसर कागदावर खोडरबर फिरवला की वरचा थर निघतो आणि बारीक रेषा पुसट होतात. पट्टी तीस सेंटिमीटरची आणि पारदर्शक, म्हणजे तिन्ही बिंदू तिच्याखाली दिसत राहतात. पंधराच्या पट्टीनं दोन तुकड्यांत रेषा काढली तर सांध्याशी ती हमखास मोडते. पेन्सिलीला टोक हवं. बोथट पेन्सिलीची रेघ एक मिलिमीटर जाड होते, म्हणजे अख्खं एक बारीक घर त्या रेघेनंच गिळलं.

एक गणित पूर्ण करून पाहू

क्ष + य = ५ आणि २क्ष − य = ४.

आधी दोन्ही समीकरणांत य एकटा करा. पहिल्यात य = ५ − क्ष. दुसऱ्यात य = २क्ष − ४. या दुसऱ्या ओळीवर जरा थांबा, कारण निम्मी मुलं इथेच घसरतात. २क्ष डावीकडून उजवीकडे नेला की − य = ४ − २क्ष मिळतं, आणि यच्या आधीचं वजा घाईत विसरून ती य = ४ − २क्ष लिहून मोकळी होतात.

आता क्षला सोयीच्या किमती देऊन तक्ता करा. पहिल्या रेषेसाठी (०, ५), (१, ४), (५, ०). दुसरीसाठी (०, −४), (२, ०), (४, ४). रेषा ठरायला दोन बिंदू पुरतात हे खरं, तरी तीन घ्या. तिसरा बिंदू पहारेकरी असतो. तिघं एका रेषेत आले नाहीत तर कुठेतरी चुकलंय हे तिथल्या तिथे कळतं. आणि बिंदू एकमेकांपासून लांब निवडा. (०, −४) आणि (१, −२) असे शेजारी-शेजारी बिंदू घेऊन रेषा लांबवली तर पट्टीचा केसभर कल दूर जाऊन दोन-तीन घरांचा होतो.

पहारेकऱ्यालाही चकवता येतं, हे मात्र लक्षात ठेवा. कुणी चुकून य = ४ − २क्ष घेतलं तर त्याचे बिंदू (०, ४), (२, ०), (४, −४) येतील. तिन्ही सुतासारखे सरळ रेषेत, आणि तरी रेषा भलतीच! ती पहिल्या रेषेला (−१, ६) वर छेदते. मूळ समीकरणात घालून पाहिलं तर −२ − ६ म्हणजे −८, हवे होते ४. म्हणून तक्त्यातले निदान दोन बिंदू मूळ समीकरणात घालून बघायचे, कारण एकटा (२, ०) या चुकीच्या रेषेवर असूनही मूळ समीकरणात बसतो. आपण मांडणी बदलून जे लिहिलं त्यात नव्हे, छापील गणितात.

मग अक्ष. इथे य −४ पासून ५ पर्यंत जातो आणि क्ष ० ते ५, तेव्हा आरंभबिंदू, म्हणजे (०, ०), कागदाच्या मधोमध ठेवायची गरज नाही. तो थोडा डावीकडे घ्या. प्रमाण दोन्ही अक्षांवर १ सेंमी = १ एकक. हे वरच्या उजव्या कोपऱ्यात आधी लिहा, नंतर लिहू म्हटलं की राहून जातं. बिंदू मांडताना आधी आडवं चाला, मग उभं. क्रम उलटला तर काय होतं? गंमत अशी, की क्ष + य = ५ मध्ये काहीच होत नाही. (१, ४) ऐवजी (४, १) मांडला तरी तो त्याच रेषेवर येतो. म्हणून ज्या मुलांना आडवं-उभं नीट समजलेलं नाही तीही या गणितात पास होतात. दुसऱ्या रेषेत (०, −४) ऐवजी (−४, ०) मांडला की लगेच पितळ उघडं पडतं.

रेषा बिंदूंच्या थोड्या पलीकडे न्या, टोकांना बाण करा, प्रत्येक रेषेशेजारी तिचं समीकरण लिहा. त्या एकमेकींना छेदतात तिथून पट्टी उभी धरून खाली आडव्या अक्षावर या: ३. तिथूनच आडवी धरून डावीकडे उभ्या अक्षावर या: २. दोन्ही वाचनं स्वतंत्रपणे घ्यायची. ताळा: ३ + २ = ५ आणि ६ − २ = ४. उकल (३, २).

पुन्हा त्या मुलीच्या कागदाकडे

दोन्ही वाचनं स्वतंत्र, असं मी मुद्दाम म्हटलं. त्या मुलीनं आडव्या अक्षावर पाहिलं, छेदनबिंदू एक आणि दोनच्या मध्ये दिसला, "मधात आहे" म्हणून दीड लिहिलं. उभ्या अक्षाकडे ती गेलीच नाही. चारातून दीड वजा केले, अडीच. आणि मग ताळा घेतला तो त्याच क्ष + य = ४ मध्ये! ज्या समीकरणातून य काढला त्यातच य तपासला तर तो बसणारच. घरच्या साक्षीदाराची साक्ष ती.

मी तिला बारीक घरं मोजायला सांगितली. एकच्या पुढे सहा घरं ओलांडून सातव्याच्या जवळ बिंदू होता. उभ्या अक्षावर दोनच्या पुढे तीन आणि थोडं. म्हणजे साधारण (१.७, २.३). पहिल्यात बेरीज ४, ठीक. दुसऱ्यात ३.४ − २.३ = १.१. अजूनही नेमकं १ नाही, पण ०.५ पेक्षा फार जवळ. आता दोन्ही समीकरणांची बेरीज केली तर य उडून जातो, ३क्ष = ५, म्हणून क्ष = ५/३ आणि य = ७/३. सेंटिमीटरचे दहा भाग पाडलेल्या कागदावर एक तृतीयांशाची रेघच नसते. कितीही तीक्ष्ण नजर असली तरी आलेखावरून ५/३ वाचता येत नाही. १.७ वाचता येतं आणि तेवढंच त्याचं काम.

माझं मत असं, की आलेखाकडून उत्तराचा पत्ता घ्यावा, घर नंबर निरसन पद्धतीनं, म्हणजे वरच्यासारखं एक अक्षर उडवून, काढावा. गणितज्ञ क्रेमरनं १७५० साली छापलेली निश्चयकांची, म्हणजे अक्षरांआधीच्या आकड्यांच्या गुणाकार-वजाबाकीची, पद्धतही नेमकं उत्तर देते, पण कागदावर काय घडतंय ते ती दाखवत नाही. परीक्षेत आलेखानेच सोडवा म्हटलं असेल तर उत्तरं बहुधा पूर्णांकात येतात. तुमचं २.१ आलं तर २ घालून दोन्ही समीकरणं तपासा. बसलं तर रेषा थोडी हलली होती असं समजा. नाही बसलं तर २ लिहून गप्प बसू नका, तक्ता पुन्हा बघा.

रामटेकला गाडी कुठली करायची

आता वहीबाहेरचं गणित. समजा दोन गाडीवाले आहेत. पहिला म्हणतो, ६०० रुपये बांधील आणि वर किलोमीटरला ८. दुसरा म्हणतो, बांधील काही नाही, किलोमीटरला २०. (दर मी हिशोबाच्या सोयीनं घेतलेत, यावरून कुणाशी घासाघीस करू नका.) क्ष म्हणजे किलोमीटर, य म्हणजे रुपये: य = ६०० + ८क्ष आणि य = २०क्ष.

इथे १ सेंमी = १ एकक घेतलं तर कागद खोलीबाहेर जाईल. मोठ्यात मोठा आकडा आधी बघा. रामटेक नागपूरहून सुमारे ५० किलोमीटर, जाऊन-येऊन १००. तेवढ्यासाठी दुसऱ्याचे २,००० रुपये होतात. म्हणून आडव्या अक्षावर १ सेंमी = १० किलोमीटर, उभ्यावर १ सेंमी = २०० रुपये. दहा बाय दहा सेंटिमीटरमध्ये सगळं मावतं. दोन अक्षांची प्रमाणं वेगळी असली तर बिघडत नाही, फक्त दोन्ही लिहा आणि एक बारीक घर म्हणजे किती ते मनाशी पक्कं करा. आडवं घर १ किलोमीटर, उभं घर २० रुपये. इथे मोठे चौकोन मोजून "य = ५" लिहिणारे दर वर्षी दोघं-तिघं तरी निघतात. ते पाच सेंटिमीटर असतात, आणि पाच सेंटिमीटर म्हणजे १,००० रुपये.

पहिल्याचे बिंदू (०, ६००), (२५, ८००), (१००, १४००). दुसऱ्याचे (०, ०), (२५, ५००), (१००, २०००). रेषा (५०, १०००) वर छेदतात. ताळा: ६०० + ४०० आणि २० × ५०, दोन्ही हजार.

पण या आलेखात छेदनबिंदूइतकंच त्याच्या दोन्ही बाजूंना बघण्यासारखं आहे. बिंदूच्या डावीकडे दुसऱ्याची रेषा खाली, म्हणजे तो स्वस्त. उजवीकडे पहिल्याची खाली. कोराडीच्या देवीला जायचं, सुमारे १५ किलोमीटर, जाऊन-येऊन ३०: पहिला ८४०, दुसरा ६००. दुसऱ्याला बोलवा. रामटेकला जाऊन-येऊन १००: पहिला १,४००, दुसरा २,०००. पहिल्याला बोलवा. समीकरण नुसतं सोडवलं तर ५० हा एक आकडा मिळतो. आलेख काढला तर कुठल्या बाजूला कोण परवडतो ते एका नजरेत दिसतं. या धड्यात आलेख का ठेवलाय याचं मला पटलेलं उत्तर हेच.

गाड्या कुठे भेटतील

नागपूर आणि वर्धा यांच्यातलं अंतर हिशोबाला ८० किलोमीटर धरू. सकाळी ८ वाजता एक गाडी नागपूरहून ताशी ६०नं निघाली, त्याच वेळी दुसरी वर्ध्याहून ताशी ४०नं. आडव्या अक्षावर तास, उभ्यावर नागपूरपासूनचं अंतर. पहिलीची रेषा य = ६०क्ष वर चढते, दुसरीची य = ८० − ४०क्ष खाली उतरते. छेदनबिंदू (०.८, ४८). इथे एकच सापळा: ०.८ तास म्हणजे ८० मिनिटं नव्हेत, ४८ मिनिटं. गाड्या ८ वाजून ४८ मिनिटांनी, नागपूरपासून ४८ किलोमीटरवर समोरासमोर येतील. रेल्वेच्या कंट्रोलमध्ये गाड्यांचा वेळ-अंतराचा असाच तक्ता चालतो. एकेरी मार्ग असेल तर दोन रेषांचा छेद स्टेशनावरच पडावा लागतो, म्हणून तिथे एका गाडीला थांबवून तिची रेषा काही वेळ आडवी केली जाते.

रेषा तिरप्या भेटल्या तर

आलेखाच्या पद्धतीचं खरं दुखणं इथे आहे. दोन रस्ते काटकोनात छेदले तर चौक नेमका कुठे ते कळतं. दोन रस्ते जवळजवळ समांतर जात हळूच एकत्र आले तर चौक कुठे सुरू झाला हे सांगणं कठीण. रेषांचंही तसंच.

य = क्ष आणि य = ०.९क्ष + ०.५ घ्या. नेमकी उकल (५, ५). आता समजा दुसरी रेषा पेन्सिलीच्या जाडीइतकी, अर्धा मिलिमीटर, वर सरकली. म्हणजे य = ०.९क्ष + ०.५५. छेदनबिंदू कुठे गेला? ०.१क्ष = ०.५५, क्ष = ५.५. अर्ध्या मिलिमीटरची चूक, उत्तरात पाच मिलिमीटरचा फरक. दहापट! क्ष + य = ५ आणि २क्ष − य = ४ मध्ये एवढीच रेष सरकली असती तर उत्तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी हललं असतं. म्हणून दोन रेषा कात्रीच्या मिटत आलेल्या पात्यांसारख्या दिसल्या की वाचनावर विश्वास ठेवू नका. सरळ निरसन करा.

आणि पाती कधीच मिटणार नसतील तर? क्ष + २य = ४ आणि २क्ष + ४य = १२. पहिलीचे बिंदू (०, २), (२, १), (४, ०). दुसरीचे (०, ३), (२, २), (६, ०). उभं अंतर सगळीकडे एकच सेंटिमीटर. रेषा समांतर, उकल नाही. १२ च्या जागी ८ असते तर दुसरी रेषा पहिलीवरच चढली असती, तेव्हा उकली अगणित. मुलं अशा वेळी "दुसरी रेषा काढायचीच राहिली" असं समजून गोंधळतात. हे कागदाला हात लावण्याआधी ओळखता येतं: क्षच्या सहगुणकांचं, म्हणजे क्षच्या आधीच्या आकड्यांचं, गुणोत्तर १/२, यच्याही सहगुणकांचं १/२, म्हणजे कल एकच. आता स्थिरपदांचं, म्हणजे बरोबरच्या चिन्हापलीकडच्या नुसत्या आकड्यांचं, गुणोत्तर बघा. तेही १/२ तर रेषा एकच, नाहीतर समांतर.

मोबाइलवर

जिओजेब्रा आणि डेसमॉस ही आलेख काढणारी दोन्ही अ‍ॅप फुकट आहेत. दोन समीकरणं दोन ओळींत लिहा, छेदनबिंदूवर बोट ठेवा, निर्देशक दिसतात. ५/३ च्या जागी १.६६७ असं काही येईल, ते जवळच्या आकड्यावर आणलेलं असतं. रामटेकचं गणित घातलं तर पडद्यावर छेदनबिंदू दिसणारच नाही, कारण सुरुवातीची खिडकी शून्याच्या आजूबाजूची असते आणि आपला बिंदू (५०, १०००) वर. अक्षांच्या मर्यादा स्वतः घालाव्या लागतात, म्हणजे प्रमाण ठरवण्याचं काम इथेही आपल्याच गळ्यात. घरी आधी कागदावर काढून मग मोबाइलवर ताडून बघायला मी मुलांना सांगते. उलट क्रमानं केलं की कागदावरचा छेदनबिंदू मोबाइलच्या उत्तराकडे आपोआप ओढला जातो, हे मी पाहिलंय.

अकरावीत गेल्यावर दोहोंपैकी एक रेषा वळायला लागते. य = क्ष² हा वक्र आणि य = क्ष + २ ही रेषा काढून बघा. छेदनबिंदू दोन येतात, (२, ४) आणि (−१, १), आणि क्ष² − क्ष − २ = ० या वर्गसमीकरणाची मुळं त्यांच्या क्षच्या किमतींत बसलेली असतात, २ आणि −१. आता पट्टी तिरपी तशीच धरून रेषा हळूहळू खाली सरकवा. दोन बिंदू एकमेकांकडे येत जातात, य = क्ष − १/४ ला रेषा वक्राला (१/२, १/४) या एकाच बिंदूत स्पर्श करते, आणि त्याहून खाली गेली की भेटतच नाही.